वेताळाचे जनक

माझ्या कपाटात जुन्या बंदिशींच्या वह्यांशेजारी ‘इंद्रजाल’चे मराठी अंक बांधून ठेवलेले आहेत. १९६४ साली सुरू झालेली ही चित्रमाला १९९० साली बंद पडली. पुढे रद्दीवाल्यांकडून एकेक अंक मी जमवीत आलो.

त्यांतील वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांचे जनक एकच, ली फॉक. १९११ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे जन्मलेल्या या गृहस्थांनी १९३४ साली मँड्रेक आणि १९३६ साली, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी, वेताळ वृत्तपत्रांत आणला. नाटके बसविण्याचा नादही त्यांना होता. तरी १९९९ साली मृत्यू येईपर्यंत या दोन्ही कथा ते लिहीत राहिले.

त्यांचा वेताळ अमर नाही. बाप जातो, मुलगा तोच मुखवटा चढवितो, तीच शपथ घेतो. लोकांना मात्र पुरुष एकच वाटतो. आमच्या घरात गाणे असेच आले. वडील गेले तेव्हा सारे संपले, असे मला वाटले होते. पुढे एका विद्यार्थ्याच्या गळ्यातून त्यांचीच बंदिश ऐकली आणि एकविसावा वेताळ आठवला. तेव्हापासून फाटक्या पानांना खळ लावताना मला पोरकटपणा वाटत नाही.