देवाचें भय आणि वसईचे संत गोन्सालो गार्सिया

नसरापुराजवळील बनेश्वराच्या देवळांत एक जुनी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर क्रूस व १६८३ हा सन कोरलेला असून, १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई सर केली तेव्हां ती तिकडून आली, असें सांगतात. तिचा नाद कानीं पडला कीं आम्हांस वसईच्या एका थोर पुत्राचें स्मरण होतें. या महोत्सवाच्या प्रसंगीं त्याचेंच चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसई येथें सुमारें १५५७ सालीं झाला. पिता पोर्तुगीज, माता याच भूमीची. येशूसंघीय धर्मगुरूंपाशीं शिक्षण घेऊन वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते त्यांच्यासमवेत जपानांत गेले. तेथील भाषा त्यांनीं आत्मसात केली व कित्येक वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. त्या संघांत प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा मात्र सफल झाली नाहीं. मानी मनुष्य अशा वेळीं देवावरच रुसतो. गोन्सालो व्यापारांत पडले, धनही मिळालें. परंतु देवाची ओढ सुटली नाहीं. अखेर मनिला येथें सर्वस्व त्यागून ते फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले.

१५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूंचे दुभाषी होऊन ते पुन्हां जपानांत आले. सारा देश ज्याला भीत असे, त्या हिदेयोशीपुढें त्यांनीं निर्भयपणें भाषण केलें. पुढें क्योटो नगरांत त्या बंधूंनीं गोरगरिबांची व कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. १५९६ सालीं एक स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागलें, त्यावरून हिदेयोशीचा संशय बळावला आणि धर्मबंधु पकडले गेले. क्योटो येथें त्यांच्या डाव्या कानाचा भाग छेदण्यांत आला. ऐन हिवाळ्यांत त्यांस नागासाकीस नेण्यांत आलें. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं विंधण्यांत आलें. त्यांत गोन्सालो होते. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें.

हें धैर्य कोठून आलें? पवित्र आत्म्याच्या सात दानांपैकीं देवाचें भय हें एक होय. गुलाम चाबकास भितो, तें हें भय नव्हे. प्रेमळ पित्याचें मन दुखवूं नये म्हणून सुपुत्र जपतो, तें हें भय. देवापुढें ज्याचा गुडघा मनोभावें टेकला, त्यास राजाचें भय उरत नाहीं. आणि हें एका दिवसांत साधत नाहीं. इच्छा मोडली तेव्हां तक्रार न करणें, कुष्ठरोग्याची सेवा प्रभूची सेवा मानून करणें, अशा लहान गोष्टींतून तें गोन्सालोंच्या अंगीं बाणलें.

आम्ही मात्र घाईघाईनें क्रुसाची खूण करितों, वेदीपुढें अर्धाच गुडघा वांकवितों, आणि मिस्सा चालू असतां मन बाजारांत फिरतें. महोत्सव थाटानें होईल, दिवे लागतील. परंतु तो संपल्यावर आमचा गुडघा अधिक आदरानें टेकला, तरच तो सफल झाला असें आम्ही म्हणूं. प्रभु आम्हां सर्वांस तें पवित्र भय देवो.