डॅनिश भाषेला अक्षर सुचवणारा माणूस २०० वर्षांपूर्वी मुंबईत काय करत होता?

डॅनिश ही डेन्मार्कची भाषा. साधारण ६० लाख लोक ती बोलतात. तिच्या वर्णमालेत २९ अक्षरं आहेत. त्यातलं शेवटचं अक्षर म्हणजे डोक्यावर छोटं वर्तुळ असलेला 'ए', उच्चार 'ऑ'च्या जवळचा. या अक्षरासाठी आग्रह धरणारे रास्मुस रास्क मुंबईत येऊन गेले होते, हे अनेकांना माहीत नसतं.

रास्क यांचा जन्म २२ नोव्हेंबर १७८७ चा, डेन्मार्कच्या फ्युन बेटावरच्या खेड्यातला. घरची परिस्थिती बेताची, पण भाषांचं वेड जबरदस्त. शाळेत असतानाच ते स्वतःहून आइसलँडची जुनी भाषा शिकले.

डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियन या सख्ख्या बहिणी. त्यांची आई म्हणजे जुनी नॉर्स. पण ती कुठून आली? १८१८ साली रास्क यांनी दाखवलं, की ग्रीक-लॅटिनमध्ये जिथे 'प' येतो तिथे या भाषांत 'फ' येतो. आपला 'पिता' आणि इंग्रजीतला 'फादर' यांचं नातं असंच आहे. पुढे याकोब ग्रिम यांनी हे सविस्तर मांडलं आणि नियमाला नाव मिळालं ग्रिम यांचं!

नातं आकड्यांतही दिसतं. डोंबिवलीच्या बाजारात आपण 'अडीच किलो' मागतो. हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आला, म्हणजे तिसरा अर्धा. डॅनिशमध्ये पन्नासला म्हणतात 'तिसरा अर्धा गुणिले वीस', म्हणजेच अडीच विसा!

पुढचे धागे शोधत रास्क रशिया आणि इराणमार्गे १८२० मध्ये मुंबईत पोहोचले. इथे त्यांनी पारशी समाजाच्या अवेस्ता या धर्मग्रंथाच्या भाषेचा अभ्यास केला, हस्तलिखितं मिळवली. हा ग्रंथ बनावट असल्याचा संशय तेव्हा युरोपात काही विद्वान घेत होते. ही भाषा खरोखर प्राचीन आहे, संस्कृतची नातेवाईक असली तरी स्वतंत्र आहे, हे रास्क यांनी १८२६ च्या पुस्तकात मांडलं. ती हस्तलिखितं कोपनहेगनला गेली.

त्याच वर्षी त्यांनी डॅनिश शुद्धलेखनावरही पुस्तक लिहिलं. दोनदा 'ए' लिहिण्याऐवजी एकच वर्तुळवाला 'ए' वापरा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही.

पौर्वात्य भाषांचं प्राध्यापकपद त्यांना १८३१ मध्ये मिळालं. पुढच्याच वर्षी, १४ नोव्हेंबरला, क्षयरोगाने त्यांचं निधन झालं. वय फक्त ४४.

डेन्मार्कने ते अक्षर अधिकृतपणे स्वीकारलं १९४८ साली, म्हणजे रास्क गेल्यानंतर तब्बल ११६ वर्षांनी.