सहा टिंबांची बाराखडी

दादरला मुलींची एक अंधशाळा आहे. मिस मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी १९०० मध्ये, ऐन दुष्काळाच्या काळात, मुंबईत तिची सुरुवात केली. दोनच वर्षांनी ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. अशा शाळांमधून मुलं बोटांनी मराठी वाचतात, ती ज्याच्यामुळे, त्या लुई ब्रेलचं नाव आपण सगळ्याच जणींनी ऐकलेलं असतं. त्याचं आयुष्य मात्र फारसं ठाऊक नसतं.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा. पॅरिसजवळच्या कूपव्रे गावात त्याचे वडील घोड्यांचं जीन-लगाम बनवत. चार भावंडांत हा धाकटा. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या दुकानात चामड्याला भोक पाडायच्या टोकदार हत्याराशी खेळता खेळता ते डोळ्यात घुसलं. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यातही पसरली. पाच वर्षांचा होईतो दोन्ही डोळे गेले.

आईवडिलांनी त्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही, हे फार महत्त्वाचं. घरातली कामं शिकवली, डोळस मुलांबरोबर गावच्या शाळेत घातलं. ऐकून ऐकून तो वर्गात पुढे असायचा. पण मुलं पुस्तक उघडून वाचायला लागली की याचे हात रिकामे!

१८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, त्याला पॅरिसच्या अंधशाळेत शिष्यवृत्ती मिळाली. तिथे पुस्तकं होती, पण मोजकीच. व्हॅलंटिन हाय या संस्थापकांनी नेहमीचीच अक्षरं कागदावर मोठी मोठी उठवून छापली होती. एकेक पुस्तक उचलायलाही जड. एकेक अक्षर चाचपडत ओळीच्या शेवटी जावं, तोवर सुरुवात विसरायला व्हायची. शिवाय ही अक्षरं मुलांना स्वतःला लिहिता येत नसत. म्हणजे लिहिणारे डोळस, छापणारेही डोळस, आंधळ्या मुलाने फक्त चाचपायचं.

पुढे चार्ल्स बार्बिए नावाच्या एका लष्करी माणसाने उठावाच्या टिंबांची एक पद्धत शाळेत आणली. लुईला त्यातली ताकद कळली आणि अडचणही. बारा टिंबं एका बोटाखाली मावत नव्हती. तीत नुसते उच्चार होते, शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत. सुट्टीत घरी, रात्री वसतिगृहात, हा मुलगा कागद टोचत बसायचा. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने बाराची सहा टिंबं केली. तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी, बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात येणाऱ्या. त्यांच्या उलटसुलट जुळणीतून ६३ खुणा होतात. त्यांत अक्षरं बसली, आकडे बसले, संगीतही बसलं. ज्या टोकदार हत्याराने डोळे नेले, तशाच टोकाने त्याने अक्षरं परत आणली. १८२९ मध्ये ही पद्धत छापून प्रसिद्ध झाली.

लुई त्याच शाळेत शिक्षक झाला, चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा. पण त्याची लिपी लगेच कोणी डोक्यावर घेतली नाही. उलट १८४० नंतर नव्या संचालकांनी शाळेत तिला बंदी घातली. डोळसांना वाचता येणार नाही अशी लिपी कशाला, असा तेव्हाचा विचार. मुलं मात्र चोरून तीच वापरत राहिली, कारण तिच्यात त्यांना वही लिहिता येत होती. अखेर बंदी उठली. क्षयाने झिजलेला लुई ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. फ्रान्सने त्याची लिपी अधिकृत केली ती १८५४ मध्ये. शंभर वर्षांनी, १९५२ मध्ये, देशाने त्याचे अवशेष सन्मानाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. हात मात्र कूपव्रेनेच ठेवून घेतले.

आपल्याकडे १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी एक भारती ब्रेल ठरली. मराठीचा ‘क’ तिच्यात इंग्रजी ‘के’च्याच टिंबांनी लिहितात. १९५२ मध्ये मुंबईत ‘नॅब’ ही संस्था निघाली; ब्रेल छपाईबरोबर बोलकी पुस्तकंही तिने आणली. तरी छापील पुस्तकांच्या मानाने ब्रेल पुस्तकं फारच थोडी. कागद जाड लागतो, एका कादंबरीचे कितीतरी खंड होतात. उतारवयात नजर गेलेल्यांना तर बोटांनी वाचणं शिकणं जडच जातं. त्यांना बोलक्या पुस्तकांचाच आधार.

पूर्वी अशी प्रत काढायला हक्कांची अडचण यायची. २०१२ मध्ये आपल्या कायद्याने ती दूर केली. वाचता न येणाऱ्यांसाठीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश आपलाच. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं.

मैत्रिणींनो, आपल्या गावच्या वाचनालयात किती जणींना हे माहीत असेल? एकदा चौकशी करून बघा. मोतीबिंदूने, काचबिंदूने वाचन सुटलेल्या एखाद्या आजींची, अंध मुलीची तिथे नोंदणी करून द्यायला आपला अर्धा तास पुरेल. वाचून दाखवणारं कोणी असणं चांगलंच, पण आपल्याला हवं ते, हवं तेव्हा, आपलं आपण वाचता येणं वेगळं. लुईला तेच हवं होतं.