विष्णुपंत दामले

विष्णुपंत गोविंद दामले (१४ ऑक्टोबर १८९२, पेण – ५ जुलै १९४५, पुणे) हे मराठी चित्रपटसृष्टीच्या जडणघडणीच्या काळातील दिग्दर्शक, ध्वनिलेखक व तंत्रज्ञ होते. प्रभात फिल्म कंपनीच्या पाच संस्थापकांपैकी ते एक होत. शेख फत्तेलाल यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) हा भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील एक श्रेष्ठ चित्रपट मानला जातो. चित्रपटव्यवसायात ते ‘दामलेमामा’ आणि फत्तेलाल ‘साहेबमामा’ या नावांनी ओळखले जात.

प्रारंभीचे जीवन

कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंच्या सहवासात दामले यांनी नाटकांचे पडदे रंगविण्याचे काम शिकून घेतले. यंत्रांचीही त्यांना उत्तम जाण होती. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यावर बाबूरावांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार करण्याचे काम पुढे नेले. त्यात दामले यांचे साहाय्य मोलाचे ठरले. या कॅमेऱ्यामुळे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट तयार होऊ शकला आणि १९२० मध्ये तो पुण्यात प्रदर्शित झाला. पुढे १९२८ मध्ये दामले व फत्तेलाल यांनी ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला. दहा वर्षांच्या या उमेदवारीत शब्दांवाचून कथा सांगण्याची कला त्यांनी आत्मसात केली.

प्रभात आणि बोलपट

१ जून १९२९ रोजी व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. लवकरच बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस संपले. १९३२ मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शित या चित्रपटाच्या ध्वनिलेखनाची बाजू दामले यांनी सांभाळली.

बोलपटाने एक नवी अडचण उभी केली. मायक्रोफोन एका जागी बसविलेला असे आणि नटांना त्याच्या आसपासच उभे राहून बोलावे लागे. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तोही बंदिस्त करावा लागे. परिणामी मूकपटाने मिळविलेली गती हरवली. अनेक बोलपट म्हणजे पडद्यावर उतरविलेली नाटकेच झाली. चित्राला गती देणारा कॅमेरा आणि शब्द टिपणारे यंत्र या दोहोंशी निकटचा संबंध आलेल्या दामले यांच्यासमोर हा प्रश्न प्रत्यक्ष कामातून उभा राहिला.

१९३३ मध्ये प्रभात कोल्हापूरहून पुण्यास आली. यानंतर दामले-फत्तेलाल जोडीने दिग्दर्शित केलेले बोलपट येथेच तयार झाले.

‘संत तुकाराम’

शिवराम वाशीकर यांच्या पटकथेवर आधारलेला ‘संत तुकाराम’ हा संवाद आणि अभंग यांवर उभा असलेला चित्रपट आहे. त्यातील संघर्ष मुख्यतः शब्दांचाच आहे: अभंग कोणाचे, ते रचण्याचा अधिकार कोणाचा आणि पोटाची भूक आधी की भक्ती आधी. असा विषय पडद्यावर निर्जीव होण्याचा धोका मोठा होता. दिग्दर्शकांनी तो बऱ्याच अंशी कृतीच्या आधाराने टाळला.

आरंभीच तुकाराम आपल्याच तंद्रीत अभंग गातात आणि पाठोपाठ सालोमालो हा दांभिक कीर्तनकार तोच अभंग आपला म्हणून हावभावांसह सादर करतो. शब्द तेच राहतात, परंतु केवळ मांडणीच्या फरकाने खरेपणा आणि सोंग यांतील अंतर प्रेक्षकाला कळते. त्यासाठी वेगळ्या संवादाची गरज उरत नाही.

तुकारामांची पत्नी जिजाई ही या पद्धतीचे दुसरे उदाहरण होय. गौरी या अभिनेत्रीने साकारलेली जिजाई सतत बोलते, भांडते, करवादते. परंतु तिचे बोलणे म्हैस, चूल, मुले अशा संसाराच्या रगाड्यातूनच येते. मूल आजारी पडल्यावर ती हातात वहाण घेऊन थेट देवळात पांडुरंगासमोर उभी राहते. देवावरील तिचा राग आणि त्याच्यावरील हक्क ही दोन्ही या एका कृतीतून व्यक्त होतात.

तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. ते पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. संगीत केशवराव भोळे यांचे होते. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले एक पद इतके एकजीव झाले की अनेकांनी ते तुकारामांचाच अभंग मानले.

मुंबईत हा चित्रपट वर्षभराहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. मराठी न जाणणाऱ्या परीक्षकांपर्यंत तो पोहोचला, यात शब्दांना मिळालेल्या दृश्याच्या आधाराचा वाटा मोठा होता.

नंतरचे चित्रपट

या जोडीने ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हे चित्रपट दिग्दर्शित केले, तर ‘संत सखू’ (१९४१) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात राजा नेने हेही सहभागी होते. ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये रेड्यामुखी वेद वदविणे आणि भिंत चालविणे हे प्रसंग ट्रिक छायाचित्रणाच्या साहाय्याने दाखविले आहेत. त्यांतील चमत्कार हे वादाचे उत्तर म्हणून येतात. शास्त्रार्थाने जे पटत नाही ते निर्जीव भिंतीच्या हालचालीने पटविले जाते. त्यामुळे चमत्कृती कथेपासून सुटी पडत नाही.

अखेर आणि वारसा

१९४२ मध्ये व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि संस्थेच्या उतरणीस आरंभ झाला. तीन वर्षांनी, वयाच्या ५२ व्या वर्षी दामले यांचे पुण्यात निधन झाले. त्यानंतर प्रभात फार काळ टिकली नाही. १९५० च्या दशकात तिचे काम थांबले.

प्रभातच्या पुण्यातील जागेत १९६० मध्ये शासकीय चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. आजची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था ती हीच. पडदे रंगविता रंगविता चित्रपटाकडे वळलेल्या आणि चित्रपटाचे औपचारिक शिक्षण कधीही न मिळालेल्या दामले यांच्या कर्मभूमीत आज देशभरातील विद्यार्थी दिग्दर्शन, छायालेखन आणि ध्वनिमुद्रण शिकतात.