जगन्नाथ सम्राट आणि त्यांचे 'रेखागणित'

जगन्नाथ म्हटले की साहित्यरसिकांना 'रसगंगाधर'कार पंडितराज आठवतात. जयपूरचे जगन्नाथ सम्राट निराळे. ते मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण. सवाई जयसिंहांनी (१६८८–१७४३) त्यांना दक्षिणेतून आपल्या पदरी नेले, असे परंपरा सांगते. तेथे या ज्योतिषपंडिताने अरबी भाषा आत्मसात केली, टॉलेमीच्या ग्रंथावरून 'सम्राट्सिद्धान्त' रचला आणि नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने १५ अध्यायांत संस्कृतात आणली.

या श्रमाचे मोल त्रिकोणांच्या विवेचनात विशेष जाणवते. शंकूच्या छायेवरून उंची काढण्याची त्रैराशिकाची रीत आपल्या गणकांना शतकानुशतके अवगत होती. तिच्या मुळाशी समरूप त्रिकोणच आहेत. 'रेखागणिता'त मात्र ते सहाव्या अध्यायात येतात. पहिल्या अध्यायाचा मान एकरूप त्रिकोणांचा : दोन भुजा व त्यांमधील कोन, तिन्ही भुजा, अथवा दोन कोन व एक संगत भुजा समान असली की एक त्रिकोण दुसऱ्यावर तंतोतंत बसतो. शाळकरी मुले बाकोबा, बाबाबा, कोबाको म्हणून घोकतात त्या याच कसोट्या. प्रत्येकीत निदान एक भुजा आहेच. केवळ कोन जुळल्याने आकार ठरतो, मान ठरत नाही. तळहाताएवढा त्रिकोण आणि देवळाच्या शिखराएवढा त्रिकोण यांचे कोन तेच असू शकतात. कोन समान असता भुजा प्रमाणात असतात, हे सिद्ध करण्यास आधी समांतर रेषांचा विचार व पाचव्या अध्यायातील गुणोत्तरमीमांसा लागते. आपल्याकडे उपपत्ती होत्या. अशी अखंड शृंखला नव्हती. ती जगन्नाथांनी संस्कृत पंडितांच्या हाती दिली.

ग्रंथारंभी मात्र युक्लिडचे नाव नाही. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्यास सांगितले, पुढे ते खंडित झाले व जयसिंहांच्या आज्ञेने पुन्हा प्रकाशात आले, असे जगन्नाथ म्हणतात. यात कोणास ऋण लपविल्याचा भास होईल. परकी विद्या पंडितसभेत निर्वेध बसावी म्हणून घेतलेला तो आधार मानणे अधिक न्याय्य. तरी ग्रीक आचार्याचे नाव त्यात हरपले, हेही खरेच.

कमलाशंकर त्रिवेदी यांनी संपादिलेले 'रेखागणित' १९०१–०२ मध्ये मुंबईस छापले गेले. तोवर मराठी मुलखातील शाळांत युक्लिड इंग्रजीच्या वाटेने येऊन स्थिरावला होता.