कराची ते जुहू : सात तास

कराची ते मुंबई हे अंतर अहमदाबादमार्गे सुमारे हजार किलोमीटर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांनी ते सुमारे सात तासांत कापले आणि ते जुहूला उतरले. विमान एका इंजिनाचे, प्रवासी एकही नाही. होते ते लंडनहून कराचीला आलेले टपाल. अहमदाबादला पेट्रोल आले ते बैलगाडीतून! साऱ्या चरित्रात मला ती बैलगाडीच फार आवडते.

जेआरडींचा जन्म १९०४ चा, पॅरिसचा, आई फ्रेंच. हिंदुस्थानात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना १९२९ साली त्यांनाच मिळाला. त्या टपालसेवेचीच पुढे एअर इंडिया झाली. १९५३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. त्यांना ते रुचले नाही, तरी १९७८ पर्यंत अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९९३ मध्ये जिनिव्हाला ते वारले.

ऑक्टोबर १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तेच उड्डाण पुन्हा एकट्याने केले. त्याच्या दोनच महिने आधी आमचा गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला होता. तोवर सिरोंच्याच्या माणसाला जिल्हा कचेरीतल्या एका कागदासाठी चंद्रपूर गाठावे लागे. नागपूरचा विमानतळ गाठायला सिरोंच्याहून एस.टी.ने आजही सात तासांहून कमी लागत नाहीत. तेथून मुंबई विमानाने दीड तास.