वारुळातील बाग पाहणारा वैद्य : योहान गेरहार्ड कोनिग

चेन्नईच्या पश्चिमेकडील अंबत्तूर आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. 2011 मध्ये ते चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. अठराव्या शतकात मात्र मद्रासच्या किल्ल्यापलीकडचा हा सारा मुलूख तळी, शेते आणि वारुळांचा होता. याच मद्रास परिसरात योहान गेरहार्ड कोनिग या वैद्याने भारतीय निसर्गाच्या शास्त्रीय नोंदींचा पाया घालण्यास हातभार लावला. वनस्पतितज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. वाळवी आणि अळंबी यांच्या नात्याकडे त्यांनी दिलेले लक्ष मात्र तुलनेने कमी जणांना ठाऊक आहे.

कोनिग यांचा जन्म 1728 मध्ये पूर्वीच्या लिव्होनियात, म्हणजे आजच्या लॅटव्हियात झाला. स्वीडनमध्ये त्यांना कार्ल लिनियस यांचे शिष्यत्व लाभले. प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची पद्धत रूढ करणारे हे लिनियस होत. त्यानंतर कोनिग डेन्मार्कमध्ये राहिले आणि 1765 मध्ये वनस्पतींच्या अभ्यासासाठी त्यांनी आइसलँडचा प्रवास केला. 1768 मध्ये ते तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथील डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून दाखल झाले. रुग्णसेवेतून उरलेल्या वेळात ते वनस्पती व कीटक गोळा करीत आणि नमुने युरोपातील अभ्यासकांकडे धाडीत.

1771 मध्ये लिनियस यांचा एक पुरवणी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या स्वयंपाकघरातील कढीपत्त्याला त्यात कोनिग यांच्या नावावरून शास्त्रीय नाव देण्यात आले. ते नाव आजही प्रचलित आहे. याच ग्रंथात भारतातील एका भूछत्राचेही वर्णन आढळते. वारुळांवर आणि कोरड्या जमिनीत उगवणारे हे भूछत्र दिसते मिटलेल्या छत्रीसारखे. त्याचा दांडा कठीण असतो, तर डोक्यावर खवल्यांचे आवरण असते. या आकारावरूनच लिनियस यांनी त्याला मुसळ या अर्थाचे विशेषण दिले.

हे भूछत्र ओळखताना मात्र बाह्यरूपाने अभ्यासकांना चकविले. टोपीच्या आत पात्यांसारखी उघडी पटले नव्हती. होती ती केवळ गडद रंगाची भुकटी, म्हणजेच बीजाणू. त्यामुळे लिनियस यांनी त्याची गणना फुटताच धूळ उडविणाऱ्या गोल भूछत्रांत केली. पुढे त्याला 'पोडॅक्सिस' हे स्वतंत्र प्रजातिनाव मिळाले. जनुकीय तपासणीनंतर तर ते पटले असलेल्या नेहमीच्या अळंब्यांच्याच कुळातील असल्याचे स्पष्ट झाले. एकाच ठळक लक्षणावर विसंबल्यास केवढी गफलत होऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण ठरले.

अर्थार्जनापेक्षा भ्रमंतीची मुभा कोनिग यांना अधिक मोलाची वाटत असे. 1774 मध्ये अर्काटच्या नवाबाच्या पदरी निसर्गतज्ज्ञ म्हणून ते रुजू झाले. या काळात वेल्लोर व अंबूरजवळचे डोंगर त्यांनी पालथे घातले. 1776 मध्ये शल्यचिकित्सक जॉर्ज कॅम्पबेल यांच्यासमवेत ते मद्रासच्या वायव्येकडील नगरी डोंगरांतही गेले. 1778 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सरकारने त्यांची निसर्गतज्ज्ञ म्हणून नेमणूक केली आणि सयाम व मलाक्काच्या मोहिमेवर त्यांना पाठविले.

वाळवीवरील त्यांचा निबंध 1779 मध्ये बर्लिनमधील निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेने प्रसिद्ध केला. वारूळ खणून आतील रचना पाहणाऱ्या कोनिग यांना तेथे स्पंजासारखे पोळे आणि त्यावर वाढणारी बुरशी आढळली. या बुरशीच्या बागेच्या सर्वांत आधीच्या लेखी नोंदींमध्ये त्यांच्या नोंदीची गणना होते. धुराच्या साहाय्याने वाळवी मडक्यात पकडण्याची स्थानिक लोकांची रीतही त्यांनी बारकाईने टिपली.

वाळवी या बुरशीची जोपासना करते आणि तिच्यावर गुजराण करते, हे आता सिद्ध झाले आहे. पावसाळ्यात हीच बुरशी जमिनीवर अळंबीच्या रूपाने वर येते. कोकण आणि गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी वारुळावरील अळंबी ती हीच. टोपीच्या मध्यभागी टोकदार उंचवटा आणि वारुळापर्यंत खोल गेलेला मुळासारखा देठ, ही तिची प्रमुख लक्षणे होत. 1942 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी या गटाला 'टर्मिटोमायसिस' हे नाव दिले.

तथापि, रानातील अळंबीची ओळख हा जिवाशी गाठ असलेला विषय आहे. टोपी, पटलांचा रंग, देठावरील कडे, देठाच्या बुडाशी असलेली वाटी आणि कागदावर उमटणारा बीजाणूंचा ठसा, ही सर्व लक्षणे एकत्रितपणे पाहावी लागतात. पांढरी पटले, देठावर कडे आणि बुडाशी वाटी असलेल्या काही अळंब्या प्राणघातक ठरतात. ही वाटी मातीत दडलेली असते. अळंबी वरच्यावर खुडल्यास नेमकी हीच खूण जमिनीत राहून जाते. चांदीचे नाणे वा लसूण काळी पडते का, किडे अळंबी खातात का, या लोकप्रिय परीक्षा निराधार आहेत. काही विषांची लक्षणे सहा तासांहून अधिक काळाने दिसतात. मध्यंतरी रुग्णाला बरे वाटू लागते आणि यकृताची हानी मात्र सुरूच राहते. त्यामुळे जाणकाराने खात्री दिल्याविना रानातील अळंबी न खाणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

1785 मध्ये काकीनाड्याजवळील जगन्नाथपुरम येथे आमांशाने कोनिग यांचे निधन झाले. अखेरच्या आजारात तरुण वनस्पतितज्ज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्यांच्यावर उपचार केले. आपली कागदपत्रे कोनिग यांनी लंडनमधील जोसेफ बँक्स यांच्या स्वाधीन केली होती. त्यांच्या सयाम प्रवासाची दैनंदिनी इंग्रजीत छापली गेली ती 1894 मध्ये, मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. पुष्कळसे लेखन अप्रकाशित राहूनही त्यांचे नाव विस्मृतीत गेले नाही. ज्या घरी फोडणीत कढीपत्ता पडतो, त्या प्रत्येक घरी या भटक्या वैद्याच्या नावाचे झाड पोहोचले आहे.